पडद्यावरचं रक्त ओसरलं म्हणजे आजार गेला का?

आधी प्रश्न थोडक्यात. वडील ६१ वर्षांचे, कागल तालुक्यात शेती. १४ वर्षांपासून साखर, सोबत ब्लडप्रेशर. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या डोळ्यासमोर अचानक काळे धागे तरंगायला लागले आणि दोन दिवसांत लालसर धुकं पसरलं. कोल्हापुरात दाखवल्यावर ‘डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) रक्तस्राव आहे’ असं सांगून डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन आणि नंतर लेसर करायला सांगितलं. घरात सगळ्यांनी इंजेक्शनची धास्ती घेतली आहे. आत्याच्या गावातले एक गृहस्थ पडद्यासाठी झाडपाल्याची पुडी देतात, दोघांना तिचा गुण आला म्हणतात. शिवाय चीनमधल्या एका मुळीनं डोळ्यातलं रक्त विरघळतं, असा व्हिडिओ फिरतो आहे. तर इंजेक्शन तीन महिने लांबवून आधी वनौषधी घ्यावी का, आणि घ्यावी तर कोणती?

मी शालाक्याची, म्हणजे आयुर्वेदातल्या डोळे-कान-नाक-घसा या शाखेची वैद्य. कोल्हापुरात २६ वर्षं दवाखाना चालवते. अडुळसा, शतावरी, त्रिफळा ही माझी रोजची औषधं आहेत आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तरीही सरळ सांगते, इंजेक्शन लांबवू नका. आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर ते त्याच्या जोडीनं घ्या, तेही काही पथ्यं सांभाळून. नुसतं एवढं सांगून घरातली धास्ती जाणार नाही, म्हणून कारणं सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय की रक्त कशानं विरघळेल. माझ्या मते विचारायला हवं ते वेगळंच आहे: रक्त सुटलं कुठून, आणि ती जागा आज कशी आहे? डोळ्याच्या आत जेलीसारखा एक पारदर्शक भाग असतो, त्यात उतरलेलं रक्त शरीर आपणहून हळूहळू शोषून घेतं. नेत्रविज्ञानाच्या पुस्तकांत त्याचा वेग दिवसाला साधारण एक टक्का असा दिलेला असतो. म्हणजे काहीही न करता तीन महिन्यांत पुष्कळांचं धुकं बरंच विरळ होतं. आता त्या तीन महिन्यांत कुणी पुडी घेतली, कुणी चिनी मुळी घेतली, कुणी जोतिबाला नवस बोलला, तर गुण कशाचा आला म्हणायचं? आत्याच्या गावातल्या त्या दोघांचं धुकं खरंच कमी झालं असेल, ते खोटं बोलत नसतील. पण ज्या वाहिनीतून रक्त सुटलं तिचं काय झालं, हे त्यांच्यापैकी कुणी परत तपासून घेतलं का, ते जरूर विचारा.

हे मी ऐकीव सांगत नाही. दवाखाना सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पन्हाळ्याकडच्या एक मावशी आल्या, साखर जुनी, एका डोळ्यात असंच रक्त. लेसर सांगितलं होतं, पण त्यांना ते नको होतं. मी वासा घृत (अडुळशाचं औषधी तूप), शतावरी आणि पथ्य सुरू केलं आणि ‘लेसरचं नंतर बघू’ म्हणाले. अडीच महिन्यांनी त्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाल्या, “बाई, कॅलेंडरावरचा आकडा दिसाय लागला की वो.” मला केवढा आनंद झाला होता! केसपेपरवर मी ‘उपशम’, म्हणजे आजार शमला, असं ठळक लिहिलं. सात महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला. पुन्हा रक्त उतरलं होतं, आणि या खेपेला पडदा ओढला जाऊन मधोमध सुटला होता. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्यानं पुढे फक्त हाताची हालचाल कळायची. रक्त ओसरलं ते त्याच्या गतीनं, आणि मी ते माझ्या औषधाच्या खात्यावर मांडलं. तो केसपेपर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्या सात महिन्यांत आत काय चाललं होतं, ते समजून घ्या. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की पडद्याच्या केसाहून बारीक वाहिन्या एकेक करून बंद पडतात. पडद्याचा तेवढा भाग प्राणवायूवाचून कासावीस होतो आणि व्हीईजीएफ नावाचं एक द्रव्य सोडतो. त्यानं नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात. शिंक आली, जड उचललं, कधी तर झोपेतसुद्धा त्या फुटतात. त्यांच्यासोबत एक चिवट पापुद्रा वाढतो, तो आकसला की पडद्याला ओढतो. डोळ्यातलं इंजेक्शन त्या व्हीईजीएफला निष्प्रभ करतं. लेसर हा कडेचा उपाशी भाग भाजून त्याची मागणीच कमी करतो आणि मधली नजर वाचवतो. अमेरिकेत १९७०च्या दशकात झालेल्या मोठ्या अभ्यासात, अशा डोळ्यांत लेसरमुळे नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी झालेला दिसला. या पायरीवर हे करून दाखवणारी एकही वनस्पती माझ्या माहितीत नाही. असती तर सगळ्यात आधी मीच ती दिली असती.

“पण आपल्या ग्रंथांत काही तरी असेलच की,” असं मला रोज कुणी ना कुणी म्हणतं. आहे, आणि फार सुंदर आहे. सुश्रुतानं आपल्या संहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले. तिमिराच्या, म्हणजे नजर अंधुक होण्याच्या रोगाच्या वर्णनात तो लिहितो की रोग्याला माशा, डास, केस आणि जाळी दिसतात. तुमच्या वडिलांना दिसलेले काळे धागे आणि सुश्रुताची ही जाळी यांत काय फरक आहे सांगा! पण सुश्रुतानं नोंदवलं ते रोग्याला काय दिसतं ते. जिवंत माणसाच्या डोळ्यातला पडदा बाहेरून बघायचं साधन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५१ साली जगापुढे आणलं, तोवर जगातल्या कुठल्याच वैद्याला तो दिसत नव्हता. त्यामुळे पडद्यावरच्या रक्तस्रावाला आम्ही जी औषधं देतो ती बहुतेक रक्तपित्ताच्या चिकित्सेतून उचललेली आहेत. रक्तपित्तात रक्त नाकातोंडातून वगैरे बाहेर पडतं. तिथे अडुळसा, दूर्वा, वाळा, चंदन, लाख वापरतात. त्यातही चरक सांगतो की रोगी धडधाकट असेल तर वाहणारं रक्त सुरुवातीलाच अडवू नये. पडद्यावरचं रक्त मात्र बंद खोलीत अडकलेलं असतं, ते बाहेर जाणार कुठून? म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. हे मत सगळ्या वैद्यांना मान्य नाही, याची मला कल्पना आहे.

आता चीनमधली मुळी. ती बहुधा सान-ची असावी, युनान प्रांतात पिकणारी जिनसेंगच्या कुळातली वनस्पती. रक्त थांबवायलाही आणि साकळलेलं मोडायलाही तिचा वापर तिकडे पिढ्यानपिढ्या होत आला आहे. पडद्याच्या शिरेत अडथळा आला तर तिच्यासोबत दानशेन नावाची दुसरी मुळी घातलेली तयार औषधंही तिथले डॉक्टर देतात. त्यावरचे बरेचसे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांतून ठाम निष्कर्ष काढावा असं मला वाटत नाही. दानशेन वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढवते, हे मात्र पक्कं माहीत आहे. तिथला डॉक्टर रोग्याला तपासून, इतर औषधं बघून ती देतो. तुम्ही ती ऑनलाइन मागवून वडिलांच्या बीपीच्या, साखरेच्या आणि हृदयाच्या गोळ्यांत मिसळणार. या दोन गोष्टी एक नाहीत.

पुडीबद्दल मी जास्त कडक आहे. माझ्याकडचे एक काका गुडघ्यासाठी अशीच बिननावाची पुडी घ्यायचे. पंधरा दिवसांत गुडघे मोकळे झाले आणि साखर ३८०वर गेली. पुडी बंद केल्यावर आठवड्याभरात साखर उतरली. आत स्टिरॉइड असावं असा माझा दाट संशय आहे. दुसरी भीती जड धातूंची. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा अर्सेनिक निघालं. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण नाव माझ्या शास्त्राचं खराब होतं. ज्यांच्या पडद्याला साखरेनं धरलंय त्यांच्या मूत्रपिंडालाही ती बऱ्याचदा धरते. म्हणून ज्या डबीवर घटक, बॅच नंबर, मुदत आणि परवाना क्रमांक नाही ते औषध पोटात घालू नका, देणारा कितीही देवमाणूस असला तरी.

लेबल असलेलं औषधही डोळे झाकून घेऊ नये. सप्तामृत लोह हे डोळ्यांसाठी सर्रास दिलं जाणारं नाव घ्या. त्यातली सात द्रव्यं म्हणजे हरडा, बेहडा, आवळा, ज्येष्ठमध, लोहभस्म, मध आणि तूप. ज्येष्ठमध सलग जास्त घेतला तर ब्लडप्रेशर वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. तुमच्या वडिलांचं ब्लडप्रेशर आधीच जास्त, आणि पडद्यावरच्या रक्तस्रावात ते काबूत राहणं तर सगळ्यात महत्त्वाचं. वर मधाची भर. म्हणजे डोळ्याचं म्हणून दिलेलं औषध डोळ्यावरच उलटायचं. गुळवेलीचंही तसंच. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. त्यावर वाद झाला, पण तेव्हापासून यकृताची तपासणी केल्याशिवाय मी ती जास्त दिवस देत नाही.

मग मी अशा रोग्याला देते तरी काय? फार थोडं. पहिल्या दोन महिन्यांत पोट साफ राहणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण कुंथताना पडणारा जोर थेट त्या कच्च्या वाहिन्यांवर येतो. त्यासाठी रात्री कोमट पाण्यातून तीन ग्रॅमपर्यंत त्रिफळा. ताजा अडुळसा मिळाला तर त्याची पानं वाफवून काढलेला रस दोन चमचे, मधाशिवाय. घराच्या कुंपणाला अडुळसा असेल तर पान ओळखणाऱ्याकडून खात्री करून घ्या. साखरेसाठी हळद आणि आवळा ही वाग्भटानं सांगितलेली जोडी मी वापरते. मात्र साखरेच्या गोळ्या चालू असताना ती साखर आणखी उतरवू शकते, म्हणून घरी मोजत राहायला सांगते. एवढ्यानं पडद्याची वाहिनी बंद होते असा माझा दावा नाही. माणूस बरा राहतो, जोर पडत नाही, साखर जरा सावरते, एवढंच मी मागते.

ताज्या रक्तस्रावात मी तर्पण करत नाही. उडदाच्या पिठाचं पाळं डोळ्याभोवती घालून त्यात कोमट तूप ओततात ते तर्पण. कोरड्या, शिणलेल्या डोळ्याला त्यानं काय आराम पडतो ते मी रोज बघते, पण ते तूप पडद्यापर्यंत पोचत नाही. नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणं नको, कारण त्यानं शिंका येतात. जळवा नकोत. शीर्षासन, सर्वांगासन, जोराची कपालभाती नको. डोळ्यात मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी काहीच घालू नका. आणि रुईचा चीक तर चुकूनसुद्धा नको, त्यानं बुबुळ भाजतं.

झोपताना डोक्याखाली दोन उशा द्या. वडिलांना विचारा, सकाळी उठल्यावर धुकं दाट आणि दुपारपर्यंत वरचा भाग मोकळा, असं होतंय का? आडवं झाल्यावर रक्त सगळीकडे पसरतं, बसल्यावर तळाला बसतं, म्हणून तसं होतं. खताचं पोतं, उसाची मोळी, ट्रॉलीला धक्का हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

आणि गूळ. आपल्याकडे गुऱ्हाळं पेटली की प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकू येतं, “साखर नको म्हणलंय, गूळ चालतोय की.” नाही चालत. गुळात लोह आणि थोडे क्षार असतात हे खरं, पण रक्तातली साखर दोघंही वाढवतात. काकवीचंही तेच. तांबडा रस्सा जिभेपुरता घेतला तर माझी हरकत नाही, त्यातलं मीठ आणि वरची तर्री मात्र आवरा. आणि घाबरून एकदम उपास आणि कारल्याच्या रसाचा मारा करू नका. बरीच वर्षं चढलेली साखर फार झपाट्यानं उतरवली तर पडद्याची अवस्था काही काळ उलट बिघडू शकते. साखर उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानं.

अजून एक गोष्ट, जी घरोघरी चुकते. रक्तस्राव म्हटला की लोक सगळ्यात आधी हृदयाची ॲस्पिरिन बंद करतात. साखरेनं बिघडलेल्या पडद्यावर झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊनही डोळ्यातला रक्तस्राव वाढला नव्हता. वडिलांना अशी गोळी चालू असेल तर आपल्या मनानं थांबवू नका, ज्यांनी सुरू केली त्यांना विचारा.

हे सगळं मी साखरेनं बिघडलेला पडदा गृहीत धरून लिहिलं. तुमच्या मजकुरावरून तेच जास्त संभवतं, पण खात्री फाईल बघितल्याशिवाय देता येत नाही. ब्लडप्रेशरमुळे पडद्याची शीर तुंबली असेल तर हिशेब वेगळा. मुख्य शीर तुंबली तर तीनेक महिन्यांच्या आसपास डोळ्याचा दाब भयंकर वाढून काचबिंदू होऊ शकतो. जुने डॉक्टर त्याला शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणतात. म्हणजे तुम्ही पुडीसाठी मागताय नेमके तेच तीन महिने. पडद्याला चीर पडून रक्त आलं असेल तर दिवस मोजायलाही वेळ नसतो. आणि तालमीतल्या पंचविशीच्या पोराला असं झालं असतं तर मी आधी क्षयाच्या तपासण्या सांगितल्या असत्या. तरुण पुरुषांत पडद्याच्या वाहिन्यांना सूज येऊन वारंवार रक्त येणारा एक आजार आपल्या देशात आढळतो, १८८० साली त्याचं वर्णन करणाऱ्या हेन्री ईल्सचं नाव त्याला आहे.

म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे विचारा: रक्त नेमकं कशामुळे आलं? धुक्यामुळे पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे ना हे बघितलं का? इंजेक्शन किती आणि किती दिवसांनी? ऊस तोडणीच्या हंगामात दर महिन्याला कोल्हापूरला येणं तुम्हाला जमणार का, हेही त्यांना मोकळेपणानं सांगा. नुसत्या इंजेक्शनवर असलेला रोगी मध्येच यायचा थांबला तर डोळा फार बिघडलेला आढळतो, लेसर झालेला डोळा त्यामानानं टिकून राहतो. तुमची अडचण कळली तर डॉक्टर त्याप्रमाणे लेसर आधी घेऊ शकतात. खर्चाची काळजी असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात विचारा, आणि सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या. इंजेक्शनची भीती मी समजू शकते. पण डोळा बधिर करणारे थेंब घालून ते देतात, सुई आत असते ती काही सेकंद. माझ्या स्वतःच्या आईला पाच झाली. पहिल्या खेपेला तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, दुसऱ्या खेपेला ती एकटी आत गेली.

डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखी दिसली, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखा अंधार आला, किंवा डोळा लाल होऊन ठणकायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तारखेची वाट बघू नका.

तुमच्या सगळ्या मजकुरात उजव्या डोळ्याबद्दल मात्र एक शब्दही नाही. साखर दोन्ही डोळ्यांत सारखीच फिरते, आणि वडील आज त्याच डोळ्याच्या भरवशावर चालतात, बांधावर जातात, मोटारसायकल चालवतात. आज संध्याकाळी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर बसवा, डावा डोळा तळहातानं झाकायला सांगा आणि उजव्यानं एकेक तारीख वाचून घ्या. आकडे वाकडे, पुसट, मधूनच गाळल्यासारखे दिसले तर लिहून ठेवा. सगळे स्वच्छ दिसले तरी पुढच्या खेपेला बाहुली मोठी करून तो पडदाही तपासून घ्या. नव्या वाहिन्या फुटेपर्यंत नजर अगदी चांगली असू शकते.